या जेवाले

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचले ब्वा एकदाची! शेंदूरजनाघाटची ज्योत्स्ना जपानात पाय पसरून बसली आहे आणि रोजनिशी लिहिते आहे. माझं मलाच हसू येतंय.

ही वही आचलनं दिली. पोरगी सातवीत, पण हुकूम कलेक्टरचे. रोज लिहायचं, परत आल्यावर मी वर्गात वाचून दाखवणार, आणि आपल्या बोलीत नाही, पुस्तकातल्या मराठीत लिहायचं, नाहीतर पोट्टे हसतील, असं बजावून पाठवलं आहे. म्हणून मी आपली सांभाळून लिहिते. कुठे 'मले-तुले' निसटलं तर ती लाल पेनानं खूण करणार हे नक्की.

हा संत्रा उत्पादकांचा अभ्यासदौरा आहे. नाव खरं तर आचलच्या बाबांचं लागलं होतं. (त्यांचं नाव किशोर. तोंडानं घ्यायची सवय नाही, लिहायला काय जातं?) पण विमान म्हटलं की ते चार पावलं मागं सरतात. बगीच्याकडं कोण पाहील, असं निमित्त काढून त्यांनी मलाच पुढं केलं. आता गावभर सांगत असतील की बायकोला जपानला धाडलं.

आमचे गटप्रमुख नांदगाव खंडेश्वरचे सहदेवभाऊ. माणूस भला, इंग्रजी फाडफाड, पण दर फाटकापाशी आम्हाला बकऱ्यांसारखे मोजतो. इथल्या गावाचं नाव मी त्यांना दोनदा विचारलं आणि दोनदा विसरले. समुद्राकाठी डोंगर, डोंगरावर संत्र्याचे बगीचे, आणि गावाच्या मधोमध टेकडीवर एक पांढराशुभ्र किल्ला. हॉटेलच्या खिडकीतून तो सरळ दिसतो. परवा तिथे नेणार आहेत. तोवर संडासातल्या बटणांशी माझं युद्ध चालू आहे. एक दाबलं तर खालून कारंजं उडालं, मी अशी ओरडले की शेजारच्या खोलीतल्या बाया धावत आल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर बगीचे पाहिले. काय त्यांची निगा! एकेक फळ हातात धरून कात्रीनं दोनदा कापतात. एकदा झाडापासून, मग उरलेला देठ पुन्हा फळाच्या सपाटीला, म्हणजे क्रेटमध्ये एकाचा देठ दुसऱ्याला टोचायला नको. डोंगरउतारावर लहानशी रुळगाडी आहे, तिच्यातून क्रेट खाली येतात. मी गडीमाणसांचे फोटो काढून घरी पाठवले. फळ मात्र नुसतं गोड. आपल्या संत्र्याचा तो आंबटगोड झटका त्यात नाही, आणि हे मी तिथल्या मालकाला तोंडावर सांगितलं. सहदेवभाऊंनी त्याचं भाषांतर काय केलं देव जाणे, मालक कंबरेतून वाकून हसला.

जेवणाचे मात्र हाल. भाजीतही मासळीचं पाणी, वरणासारखं दिसतं त्यातही मासळी. मी घरून आणलेल्या दशम्या आणि जवसाच्या चटणीवर आहे. पुरवून पुरवून खाते.

संध्याकाळी घरी फोन केला, तर सासूबाई तणतणत होत्या. आचल शेजारी वही मागायला गेली. ते लोक जेवत होते. रीतीप्रमाणं ते म्हणाले, "या जेवाले." आणि ही बया सरळ पाट ओढून बसली, दोन भाकरी खाऊन आली! सासूबाईंना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणे. आपल्याकडं समोर माणूस दिसला की पहिला घास तोडायच्या आधी 'या जेवाले' म्हणायचंच असतं, मग तो ओळखीचा असो की नसो. आणि समोरच्यानं 'होऊ द्या, होऊ द्या' म्हणायचं असतं. की विषय संपला. खरंच कुणी येऊन बसत नाही. मी आचलला फोनवर हे समजावलं, तर म्हणते कशी, "जायचं नाई तं बोलावतात काहून?" मला हसू आवरेना. तरी दटावलं. यापुढं 'होऊ द्या' म्हणायचं, सांगून ठेवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

किल्ला पाहिला.

लहानपणी शाळेच्या सहलीत गाविलगड पाहिला होता. तिथे दगड आणि वारा. इथे सगळं लाकूड. खाली दगडी तट, खंदकात गलेलठ्ठ मासे, आणि वर पांढऱ्या भिंतींचा उंच वाडा. दारातच जोडे काढायचे, ते एका पॉलिथिनच्या पिशवीत घालून पिशवी हातात धरून फिरायचं. चारशे वर्षं लोकांच्या पायांनी घासून फरशीच्या फळ्या काळ्या कुळकुळीत झाल्या आहेत, आणि इतक्या गार की तळवे सुन्न पडतात. जिने तर आपल्या माळ्याच्या शिडीसारखे उभे. धरायला दोर टांगलेला. एका हातात दोर, एका हातात जोड्यांची पिशवी, आणि मागून सहदेवभाऊंचं मोजणं.

वरून दुसऱ्या मजल्यावर माझ्या गुडघ्यांनी नाही म्हटलं. बाकीचे वर गेले, मी बसले. लांबच लांब रिकामी खोली. बाण मारायच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या आल्या होत्या. सकाळपासून पोटात नुसता चहा. इथे खाऊ नका, अशी चित्राची पाटी होती. मी ती पाहिली होती, खोटं काहून बोलू. पण भूक लागली की मला काही सुचत नाही. भिंतीकडं तोंड करून डबा उघडला. शेवटच्या दोन दशम्या होत्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खांबापाशी माणूस दिसला. पाय मुडपून बसलेला, म्हातारा, अंगानं काडी. मातकट रंगाचा कपडा. राखणदार असेल, आता हा रागावणार, असं वाटून मी ओशाळले. आणि ओशाळलं की माणूस सवयीनं वागतो. मी डबा पुढं केला, "या जेवाले" म्हणाले, आणि शेजारच्या फळीवर हातानं थापटलं. दोनदा. आपण बसायला बोलावतो तसं.

मला वाटलं, हात हलवून नको म्हणेल.

तो आला. पावलांचा आवाज आला नाही. समोर बसला, मान खाली. मी डब्याच्या झाकणावर अर्धी दशमी ठेवली. त्यानं हात लावला नाही. नुसतं तोंड अगदी जवळ नेलं आणि तसाच राहिला. काय करणार, मी आपली खायला लागले. चव म्हणून नाही! जवसाची चटणी, तीही आमच्या सासूबाईंच्या हातची, तिला तिखट नाही, मीठ नाही. कागद चावल्यासारखं झालं. वरून आमच्या लोकांचा गलका ऐकू आला म्हणून मी जिन्याकडं पाहिलं. मान वळवली तर समोर कुणी नाही. अर्धी दशमी झाकणावर तशीच. अन्न टाकायचं नाही म्हणून मी ती खाल्ली. तिला वजनच नव्हतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज बसमध्ये तिथल्या वाटाड्या मुलीनं किल्ल्याची हकीकत सांगितली. सहदेवभाऊ मराठी करून सांगत होते. फार पूर्वी शत्रूनं या किल्ल्याचं धान्य तोडलं होतं. आतल्या लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग झाडांच्या साली, मग चटया, मग भिंतीच्या मातीत कालवलेलं तणस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, उपसून चावलं. शेवटी दरवाजे उघडले. शत्रूनंच बाहेर मोठ्या कढयांत पेज शिजवली आणि जेवायला हाका मारल्या. अधाशासारखे जेवले ते तिथेच मेले. आणि वरच्या मजल्यावर काही म्हातारे बसून होते, त्यांना बोलवायला कुणी गेलंच नाही. बोलावल्याशिवाय पानावर बसायचं नाही अशी त्यांची रीत. ते तसेच बसून राहिले.

बसमध्ये सगळे हळहळले. मी विचारलं की त्या मजल्यावर राखणदार बसतो का. मुलगी म्हणाली, तिथे कुणीच नसतं, तिकिटवाले खाली असतात.

मी सहदेवभाऊंना काही सांगितलं नाही. पाटी असताना डबा उघडला म्हणून आधी मलाच बोलतील. पण कालपासून जीव एका जागी नाही. उठते, बसते, खिडकीशी जाते, पडदा ओढते.

१६ नोव्हेंबर, रविवार

घर! अमरावतीहून सहदेवभाऊंनी गाडीनं दारापर्यंत सोडलं. आचल अंगावर अशी येऊन आदळली की मी पडता पडता वाचले. गाल कसे वर आलेत पोरीचे. आठवड्याभरात आजीनं तूप चारलं वाटतं.

सासूबाईंनी वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकर केली होती. आम्ही चौघं, ताटं पाच. मी विचारलं तर म्हणाल्या, कुणीतरी तुझ्यामागून आत येताना दिसलं, सहदेवभाऊ असतील म्हणून वाढलं. सहदेवभाऊ तर गाडीतूनच परत गेले होते. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ताट तसंच राहिलं, मग गाईला घातलं. गाईनं तोंड लावलं नाही.

मला भाजीची चव लागली नाही. प्रवासानं जीभ गेली असेल. आचलचे बाबा चिडवतात, जपानी होऊन आली म्हणून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या संत्र्यांची तोड सुरू झाली आणि सगळं घर डोक्याला हात लावून बसलं. फळ वरून पिवळंधमक, साल घट्ट. फोडलं की आत काही नाही. फोडींच्या जागी कोरडी पांढरी फोलं. घराजवळच्या ओळी तशा निघाल्या, काल पलीकडच्याही. यांनी कृषी केंद्रातला माणूस आणला. त्यानं माती पाहिली, पानं पाहिली, आणि असं आजवर पाहिलं नाही म्हणून निघून गेला.

सासूबाई रोज पाच ताटं मांडतात. मी आज रागावले. तर म्हणतात, मी मोजूनच मांडते, बरोबर आहेत.

आणि कोठीतल्या टोपल्यांच्या काड्या कुणी कुरतडल्या आहेत. उंदीर म्हणावं तर दातांच्या खुणा मोठ्या आहेत. झाडूची टोकं ओली होती. चघळल्यासारखी.

२३ नोव्हेंबर, रविवार

आचल खूप खाते आहे. सकाळी चार पोळ्या, दुपारी भाकरी, चार वाजता पुन्हा भूक भूक. आणि फ्रॉक खांद्यावरून घसरतो आहे. मागच्या रविवारी घट्ट होत होता तोच हा फ्रॉक.

दुपारी आम्ही जेवत होतो. कडक ऊन, दार उघडं, बाहेर भाजीवाली ओरडत होती. आणि फरशीवर आवाज आला. थाप. थाप. माझ्या डाव्या हाताला, पाचव्या ताटापाशी. यांनी वर पाहिलं. सासूबाईंनी सहज भात वाढला. आचलनं मात्र त्या ताटाकडं पाहून थोडं सरकून जागा केली.

मी घास खाली ठेवला. त्या थापेची मला ओळख आहे. ती माझीच थाप आहे. फळीवर मीच मारली होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अमरावतीला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले. काही नाही. जंत नाही, साखर नाही. डॉक्टर म्हणाले मुलीला पोटभर देत जा. मी त्यांच्यासमोर रडले. घरी कुणी उपाशी ठेवतं का लेकराला!

येताना एसटी स्टँडवर आचलला वडे घेऊन दिले. तिनं दोन खाल्ले. तिसरा माझ्या हातात होता, तो हलका होत होता. माझ्या हातात असताना.

यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग आचलच्या मनगटाकडं पाहिलं आणि हसू थांबलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अकोल्याला आलो, मी आणि आचल, माझ्या बहिणीकडं. वर्षाली फ्लॅटमध्ये राहते, तिसऱ्या मजल्यावर. वाटलं, त्याला घर माहीत आमचं, अकोला कुठून माहीत असणार.

वर्षालीला दारातच हात जोडून सांगितलं, या घरात मी असेपर्यंत कुणी कुणाला जेवायला या म्हणायचं नाही. ती म्हणाली भैताडली का तू. तरी कबूल झाली. सकाळचं जेवण शांत झालं. मला भाजीत मीठ लागलं! आचलनं दोन पोळ्यांवर हात धुतला. मी देवासमोर नारळ ठेवला.

संध्याकाळी दाराशी इस्त्रीवाला आला. वर्षालीच्या हातात चहाबिस्किटाची बशी. सवयच ती. म्हणाली, या, चहा घ्या. इस्त्रीवाला होऊ द्या म्हणाला.

पण आत कुणीतरी बसलं. सोफ्याची गादी खाली गेली.

तिचा काही दोष नाही. मी काहून तिच्यावर ओरडली —

२ डिसेंबर, मंगळवार

परत घरी. लपून काही उपेग नाही.

सासूबाईले सगळं सांगतलं. अगदी पयल्यापासून. आचल, माफ कर, पुस्तकी लिहिनं आता मले जमत नाई.

त्या ओरडल्या नाहीत. बराच वेळ आचलच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, तू बोलावलं, तो आला, यात त्याचं चुकलं काय? बोलावलेल्या माणसाले हाकलत नसतात. पण तुमी त्याले अजून धड जेवू घातलं कुठी? पाट नाही, पाणी नाही, पोट भरलं का म्हणून कोनी पुसलं नाही, विडा दिला नाही. थो उठंल कसा?

बरोबर आहे त्यांचं. पाहुणा आपल्या हातानं पान सोडून उठत नाही. त्याले उठवायची पण रीत असते.

गुरुवारी मार्गशीर्षाचा नैवेद्य आहे. त्याच दिवशी करायचं ठरलं. पुरन टाकायचं. आचल आज उभी राहत नाही. बाबांनी कडेवर घेतलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, हिचं वजनच नाही.

माझं लेकरू वाचव रे देवा. मले बाकी काही नोको. बगीचा गेला तं गेला.

४ डिसेंबर, गुरुवार

झालं.

पाट मांडला, भवती रांगोळी काढली. पुरणपोळी, कढी, भजे, भात, वर तुपाची धार. सासूबाई म्हणाल्या, तूच बोलाव, बोलावणारी तू. मी पाटापाशी बसले. हातानं थापटलं. या जेवाले, म्हटलं. सावकाश होऊ द्या, आज कोनी घाई करत नाही.

भर दुपारची वेळ. सगळी गल्ली जागी. भाताची वाफ वर जात नव्हती. पाटाकडं वळून जात होती. आम्ही चौघं हात जोडून बसलो. पोळीचा पिवळेपणा गेला, मग कढी पांढरी पाणी झाली. वाढत राहिले. शेगडीवरून पोळी उतरली की पाटावर, पोळी की पाटावर. पुरण संपलं. मग सासूबाईंनी मोठ्यानं पुसलं, "पोट भरलं का, बाप्पा?"

तेव्हा पानावरची वाफ सरळ वर गेली.

विडा ठेवला. तो जागच्या जागी वाळला. आम्ही तांब्यात पाणी घेऊन शिवेवरच्या नाल्यापर्यंत गेलो, पाहुण्याले पोचवतो तसे. यांनी पाणी ओतलं. या आता, सुखानं जा, म्हटलं. परतताना पुढं सासूबाई, मग मी आणि हे, मागून आचल. आपल्या पायानं चालत आली पोरगी! आल्यावर कितीतरी दिवसांनी मी झोपले.

५ डिसेंबर, शुक्रवार

मीठ लागलं! वरणात मीठ लागलं, ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ताटावर बसून हसत रडले. सासूबाईंनी ताटं चारच मांडली. आचलनं एक भाकरी खाल्ली आणि ढेकर दिला. तो ढेकर ऐकून बाबा उठून बाहेर गेले. डोळे पुसायला गेले असतील, दुसरं काय.

उरलेल्या ओळीतलं एक संत्रं फोडलं. रस मनगटापर्यंत ओघळला.

आचल, हे पान मी पुन्हा पुस्तकातल्या मराठीत लिहिलं आहे. मधल्या पानांवर लाल खुणा करू नकोस. ती फाडून टाकू आपण दोघी मिळून.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी आचलनं सहज विचारलं की तिथे जोडे हातात घेऊन जायचं असतं का.

कुठे, म्हटलं.

म्हणाली, आबाकडं. जेवायला.

वही तर माझ्या पेटीत कुलपात होती. मी तिला जवळ घेऊन बसले, हळूहळू काढून घेतलं. परवा नाल्यावरून परतताना ती मागं होती. पाहुणा पलीकडच्या काठावर बसला होता म्हणते. एकटा नव्हता. त्याच्यामागं आणखी कितीतरी म्हातारे, पंगत धरून बसलेले. त्यानं शेजारच्या मातीवर हात थापटला. दोनदा.

मी पुसलं, तू काय म्हटलं. तू होऊ द्या म्हटलं ना. मी शिकवलं होतं ना तुले. होऊ द्या म्हटलं ना.

ती म्हणे, "आली, म्हटलं. त्यानं खरंच बोलावलं होतं, आई. जायचं नाई तं बोलावतात काहून?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आजवर कधी मारलं नव्हतं. मग मीच —

संध्याकाळी जेवली नाही. भूक नाही म्हणते. तिकडं जेवायचं आहे म्हणते.

७ डिसेंबर

हे गाडी आणाले वरुडले गेले. आमाले घेऊन दूर जाऊ म्हणतात, कुठी ते त्यांनाही माहीत नाही. सासूबाई दारात बसल्या. दुपार आहे. ऊन आहे. ऊन आहे म्हणून मी घाबरत नाही.

आचलचे जोडे दाराशी नव्हते. पॉलिथिनच्या पिशवीत घालून हातात धरून बसली आहे. पिशवी सोडवली तर बोटं उघडत नाहीत. ओढणीनं तिचं मनगट माझ्या मनगटाले बांधलं.

कोठीतल्या माळ्यावर आवाज —

थाप. थाप.

उंदीर असतील. नाही. माळ्याची शिडी काळी दिसून राहिली. कुळकुळीत. शिडीले दोर लटकला आहे. आमच्या शिडीले दोर नव्हता कधी.

तीच दुपार

हाक आली. वरून. माझ्याच आवाजात आली. माझ्याच बोलीत, या जेवाले.

मी होऊ द्या म्हनायले तोंड उघडलं. आवाज नाही. सासूबाईले हाक मारली, आवाज नाही. तोंडात कोरडं तणस भरल्यासारखं — म्हनून लिहून राहिली. लिहिलं तरी चालत असंल. देवा, लिहिलेलं चालू दे.

तिच्या आईकडून सांगते. होऊ द्या. आमचं झालं जेवन. पोट्टी लहान आहे, तिले रीत समजत नाही. बोलावनं माझं होतं, फेड माझ्याकडून घ्या. मी येते. माझा डबा भरला आहे. तिले राहू द्या. तिचे बाबा येतील आता, गाडी घेऊन —

वर फळ्या वाजल्या. कोनी सरकून बसून राहिलं. पंगतीत जागा करतात तसं.

एकीची जागा केली. थांबले.

अजून सरकले. अजून एकीची —

आचल उठली. ओढणी ताणली. होऊ द्या. होऊ द्या. होऊ